उशिरा येणारा फुगा

"मगदूम, तुमचा फुगा उशिरा येतोय."

आरवाडे बाईंनी हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी मिरजेतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत, संगणकाच्या खोलीतल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवर, कौतुकाची वाट बघत बसलो होतो. २००३ सालचा जुलै होता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि सांगलीतल्या एका मल्टिमीडियाच्या दुकानात आपल्याइतकं गणित कुणाला येत नाही अशा समजुतीत सुखानं राहत होतो. पडद्यावर निळं आकाश होतं आणि खाली लाल फुगा. मूल माइकमध्ये बोललं की फुगा वर जायचा, गप्प झालं की खाली यायचा. कार्यक्रम एवढाच, पण तो मी एकट्यानं लिहिला होता.

"उशिरा म्हणजे, बाई?"

"उशिरा म्हणजे उशिरा. ही आ म्हणते, मग फुगा विचार करतो, मग जातो."

"ही" म्हणजे आफरीन मुल्ला. वय वर्षं सात, दोन घट्ट वेण्या, छातीवर कापडी पिशवीत श्रवणयंत्राचा डबा. ती माइकसमोर बसून मोठ्यानं "आ" म्हणाली. फुगा वर गेला, आणि आफरीननं वळून माझ्याकडे पाहिलं. फुगा मीच वर पाठवतो अशी तिची खात्री दिसत होती.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघते. स्वतःकडे बघत नाही. अहो, हिला आवाज आहे, चांगला खणखणीत आहे. पण तो आपल्यातून निघतो आणि बाहेर काहीतरी करतो, हेच हिला ठाऊक नाही. तेवढं एकदा कळलं की पुढचं मी बघते. सातव्या वर्षी कळलं तर कळलं, पुढं फार जड जातं. म्हणून तर तुमच्या साहेबांना मी फुगा मागितला होता."

मी म्हटलं, "तुमचं मशीन जुनं आहे, बाई. एका बँकेनं टाकलेलं. आमच्या ऑफिसात फुगा लगेच जातो."

"आमच्याकडे तुमचं ऑफिस नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आफरीनला वर्गात नेलं.

परत येताना सिटी बसमध्ये माझं डोकं तापलं होतं. तक्रार खरी असली की ती जास्त झोंबते. शाळेच्या मशीनवर फुगा खरंच रेंगाळत होता, आणि का रेंगाळतो ते मला ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचो ते चित्रं हलवण्यासाठी जन्माला आलं होतं. त्याच्या पोटात एक स्क्रिप्टची भाषा होती. बटण दाबलं की पान उलटावं, सशानं उडी मारावी, एवढ्यासाठी ती ठीक. पण तिला गणित घातलं की ती मान टाकायची. आणि माझ्या फुग्यात गणित ठासून भरलं होतं. फुगा वाऱ्यावर झुलायचा, त्याला साइन लागायचं. त्याच्या दोरीला चाळीस ठिकाणी वळणं होती, त्या प्रत्येकाला साइन आणि कोसाइन. फुगा ढगाला टेकला की नाही हे बघायला वर्गमूळ. हे सगळं दर चित्राला, म्हणजे सेकंदाला अनेकदा. मी ठरवलं, गणित जलद करायचं.

ऑफिसचे मालक चौगुले साहेब. पन्नाशीचे, पांढरा सफारी, खिशात तीन पेनं. मुळात छापखानेवाले, सीडीचा जमाना आला म्हणून मल्टिमीडियात शिरले होते. त्यांना मी सगळी अडचण समजावून सांगितली.

"मंजे फुगा हलतोय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हलतोय, पण उशिरा."

"मग हलतोय की! दोन म्हैन्यांनी पुण्याची मंडळी बघायला येणार हैत. त्यांना आवडलं तर हा फुगा चाळीस शाळांत जाईल. तू त्याला जरा देखणं कर. ढगं दोनच हैत, चार कर. आणि पाखरं सोड एकदोन."

"साहेब, पाखरं सोडली की अजून गणित वाढतं."

"गणित तुझं, पाखरं माझी," असं म्हणून ते चहाला गेले.

मी कामाला लागलो. पुढचे पंधरा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. साइन दरवेळी काढण्याऐवजी तीनशे साठ अंशांचा तक्ता सुरुवातीलाच एकदा बनवून ठेवला. शाळेत लॉगॅरिदमच्या पुस्तकात बघायचो तसं नुसतं बघायचं. वर्गमूळ काढून टाकलं. अंतरं मोजायची नसून त्यांची तुलनाच करायची असेल तर वर्गांचीच तुलना करता येते. दशांशाचे आकडे हजारपट करून पूर्णांक केले. भागाकार होते तिथं गुणाकार आणले. एक जाडजूड वही केली आणि तिच्यात प्रत्येक बदलाची वेळ लिहू लागलो. शाळेच्या मशीनवर एक चित्र काढायला आधी एकशेवीस मिलिसेकंद लागत होते. एकशेवीसचे शंभर झाले, शंभरचे नव्वद. दर आकड्यामागे मला मिसरूड फुटल्यासारखं वाटायचं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवी सीडी घेऊन मिरजेला गेलो. आफरीन "आ" म्हणाली. फुगा गेला. आफरीननं माझ्याकडे पाहिलं.

"कमी झालाय उशीर," बाई म्हणाल्या.

"बघा!"

"पण आहे."

"बाई, निम्म्यावर आणतो. वाट बरोबर सापडलीय मला."

बाईंनी माइकची वायर गुंडाळायला घेतली. "मग तुम्ही निम्म्यावर आणा, पुरता घालवा आणि मग या. तोवर मी हा बंद ठेवते. माझा आरसा आहे, हात आहे, कागद आहे. तेवढ्यावर माझं चालत आलंय."

इथं मी जे केलं ते नीट सांगायला हवं. बाईंनी बंद करायचं म्हटलं होतं. मी त्यांना बंद करू दिलं नाही.

"असं नका करू, बाई," मी म्हणालो. "रोज वापरला तरच मला आकडे मिळतील. कार्यक्रम प्रत्येक वेळेची नोंद फाइलमध्ये ठेवतो. तुमच्या मशीनवर, खऱ्या मुलीच्या आवाजावर काय होतं ते मला ऑफिसात बसून कसं कळणार? रोज अर्धा तास बसवा तिला. नुकसान तर काही नाही."

"नुकसान नाही?" बाईंनी मला सरळ विचारलं.

"फुगा उशिरा गेला म्हणून काय नुकसान होणार?"

शाळेला संगणक ही गोष्टच नवी होती, आणि संगणकवाला इतकं ठामपणे सांगतोय म्हटल्यावर त्यांनी वायर परत सोडली. तीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला, आणि मला तेव्हा तो माझा विजय वाटला.

मग ऑगस्ट गेला. माझं गणित दर आठवड्याला जलद होत होतं आणि चौगुले साहेब दर आठवड्याला त्यात भर घालत होते. पाखरं आली. पाखरांच्या सावल्या आल्या. डोंगरामागून सूर्य डोकावू लागला. मी दहा मिलिसेकंद कमवावेत आणि साहेबांनी त्यात इंद्रधनुष्य उभं करावं, असा आमचा खेळ चालला होता. एकदा मी चिडून टेबलावर वही आपटली.

"साहेब, ह्या पोरीला इंद्रधनुष्य नकोय! तिला फुगा वेळेवर हवाय!"

"अरे बाबा, पण बघणाऱ्यांना काय हवंय?" साहेब शांतपणे म्हणाले. "पैल्या दिवशी तू फुगा दाखवलास तवा कसा हिसके खात हुता, आठवतंय न्हवं? बेडकावानी. मी म्हटलं म्हणून तू तो गुळगुळीत केलास. तसंच हेबी कर."

मला ते आठवत होतं. नीट आठवत होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पुन्हा वहीत डोकं घातलं.

शेवटी मी इंद्रधनुष्य साहेबांच्या मशीनपुरतं ठेवलं आणि शाळेच्या सीडीतून गुपचूप काढून टाकलं. चित्राची वेळ एकशेवीसवरून सत्तरवर आणली. त्या भाषेत त्या मशीनवर ह्याहून जलद गणित होणं शक्य नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सप्टेंबरच्या मध्यावर मी ती सीडी घेऊन गेलो.

आफरीन आता मला ओळखत होती. तिनं मला सलाम केला, आपणहून खुर्चीवर चढली आणि माइक जवळ ओढला. "आ," म्हणाली. थांबली. फुगा गेला.

बाई पडद्याकडेच बघत होत्या.

"काय, बाई?"

"उशीर आहे, मगदूम."

दोन महिन्यांचं सगळं त्या क्षणी माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "बाई, आता मात्र हद्द झाली! अर्धा सेकंद वाचवलाय मी! अर्धा सेकंद म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय का? ह्यापेक्षा जलद होऊच शकत नाही. तुम्हाला संगणकातलं काही कळत नाही आणि तुम्ही आपलं एकच धरून बसलाय, उशीर, उशीर, उशीर!"

आफरीनला शब्द ऐकू गेले नव्हते, पण माझा चेहरा तिला व्यवस्थित ऐकू गेला. ती खुर्चीवरून उतरून बाईंच्या पदराआड गेली. मला लाज वाटली आणि लाज वाटल्यामुळे आणखी राग आला.

"नाही कळत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला संगणकातलं काही कळत नाही. बसा जरा. तुम्हाला माझं यंत्र दाखवते."

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि कागदाची एक पट्टी काढली. बोटभर रुंद, वीतभर लांब, पतंगाच्या कागदाची. कर्णबधिर मुलांना शिकवणारा कुणीही ती ओळखेल. ओठांसमोर धरायची आणि "प" म्हणायचं. "प" बरोबर आला तर पट्टी उडते. ऐकू न येणाऱ्या मुलाला आपला "प" असा डोळ्यांनी दिसतो. बाईंच्या खणात अशा पट्ट्यांची चळत होती.

त्यांनी माइक जवळ घेतला, पट्टी ओठांसमोर धरली आणि म्हणाल्या, "कागद बघा, मग फुगा बघा. पा."

पट्टी उडाली, खाली आली, स्थिर झाली. बाईंनी तोंड मिटलं. आणि मग पडद्यावरचा फुगा सावकाश, डौलात, वर निघाला.

"पा," बाई पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तेच.

"मी गप्प बसलेय," त्या म्हणाल्या. "कागद पडून राहिलाय. आणि हा आत्ता वर चाललाय. मगदूम, हा दमून मागं पडत नाहीये. दमलेलं माणूस अडखळतं. हा बघा कसा रुबाबात चाललाय. ह्याला मागचं काहीतरी आठवतंय."

मागचं आठवतंय?

मी खुर्चीत बसलो होतो तसाच राहिलो.

पहिल्या दिवशी फुगा बेडकासारखा उड्या मारत होता, कारण माणसाचा आवाजच तसा असतो, वरखाली. चौगुले साहेबांना ते दिसायला वाईट वाटलं. म्हणून मी आवाजाचा ताजा आकडा थेट फुग्याला द्यायचं बंद केलं. माइककडून आलेल्या शेवटच्या बारा नोंदी घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची, आणि फुग्यानं त्या सरासरीकडे सावकाश सरकायचं. दिसायला सुंदर. पण बारा नोंदी म्हणजे बारा चित्रं, आणि शाळेच्या मशीनवर बारा चित्रं म्हणजे पहिल्यांदा जवळजवळ दीड सेकंद. मी बाकीचं गणित जलद केलं तशी चित्रं भराभर निघू लागली, बारा नोंदी लवकर भरू लागल्या, उशीर थोडा घटला, आणि मला वाटलं वाट बरोबर आहे.

त्याहून वाईट सांगतो. त्या सरासरीच्या ओळी मी तपासल्या होत्या. बाराच्या बारा आकड्यांची दरवेळी बेरीज कशाला, जुना वजा करावा आणि नवा मिळवावा, असं करून मी त्या ओळीही जलद केल्या होत्या. वहीत त्या बदलाखाली दोन रेघा मारल्या होत्या. आवाजाला उशीर करणारं गणित मी अत्यंत वेगानं करून घेत होतो.

"बाई," मी म्हणालो, "मला दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटंही लागली नाहीत. माझ्या बॅगेत मूळ फाइल होती. सरासरी खोडली, सावकाश सरकणं खोडलं, आवाजाचा आकडा थेट फुग्याच्या उंचीला जोडला. सहा ओळी गेल्या आणि एक आली. साइनचा तक्ता, हजारपट केलेले पूर्णांक, काढलेली वर्गमुळं, कशालाही हात लावावा लागला नाही. दोन महिन्यांच्या कामाची ती शोभा मी तशीच राहू दिली.

बाईंनी पट्टी धरली. "पा."

पट्टी आणि फुगा एकदम उडाले. फुगा ओबडधोबड उडी मारून धपकन खाली आला. दिसायला इतका बेंगरूळ की चौगुले साहेबांनी डोळे मिटून घेतले असते.

"आता," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "आफरीन, ये."

आफरीन पदरामागून बाहेर आली. माझ्याकडे जरा संशयानं बघत खुर्चीवर चढली. बाईंनी तिचा एक हात तिच्याच गळ्यावर ठेवला. आफरीननं श्वास घेतला आणि म्हणाली, "पा."

फुगा उडाला. ती दचकली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं खाली, आपल्या गळ्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाई हसत होत्या.

"पा," आफरीन म्हणाली. फुगा उडाला. "पा!" उडाला. ती खदखदून हसली आणि त्या हसण्याबरोबर फुगा आभाळभर नाचला, आणि तो नाचतोय बघून ती आणखी हसली. आरवाडे बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मीही खिडकीबाहेर बघत नाक ओढलं. सगळा राग, सगळी धुसफूस त्या खोलीतून निघून गेली होती. मला वाटलं, संपलं. उशीर झाला, पण फुगा पोहोचला.

मग बाईंनी तिला चित्रांचा तक्ता दाखवला. पाटी, पान, पाणी. एकेक शब्द म्हणायचा, फुगा उडवायचा.

"पाटी," आफरीन आपल्या पद्धतीनं म्हणाली. फुगा उडून खाली आला. ती थांबली. हनुवटी वर, डोळे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं फुगा पोहोचायचा तिथं. तिथं काही नव्हतं. ती तरी बघत राहिली. मग म्हणाली, "पान." पुन्हा थांबली. पुन्हा वर बघितलं.

बाईंनी तिला पुढच्या शब्दावर बोट ठेवून दाखवलं, घाई करून दाखवली. आफरीननं मान डोलावली. "पाणी." आणि थांबली.

"हे काय करतेय?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

बाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. "आपण शिकवलंय ते करतेय," त्या म्हणाल्या. "बोलायचं, मग थांबायचं. रोज अर्धा तास. दोन महिने. बोलणं असंच असतं असं तिला वाटतंय."

"जाईल ना ते?"

"बघू," बाई म्हणाल्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी न दुमडता खणात ठेवली आणि मला म्हणाल्या, "चहा घेऊन जा."

पुण्याच्या मंडळींना बेंगरूळ फुगा आवडला नाही. चौगुले साहेबांनी माझी वही न बघताच माझं डोकं खाल्लं. वर्षभरानं मी ते दुकान सोडलं आणि पुण्याला नोकरी धरली. पुढं मी बरंच गणित जलद केलं. त्यातलं काही सांगण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी आरवाडे बाईंच्या पंचाहत्तरीचं निमंत्रण आलं. बाई माझा पत्ता ठेवून होत्या याचंच मला नवल वाटलं. मिरजेतल्या एका सभागृहात जुने विद्यार्थी जमले होते, बायकामुलांसह, सगळीकडे हातवारे आणि हसणं. मी मागच्या रांगेत बसलो. शाल, नारळ, हार झाले. मग निवेदकानं सांगितलं की आता बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, सध्या बाईंच्याच शाळेत शिकवणाऱ्या आफरीन मुल्ला दोन शब्द बोलतील.

उंच, चष्म्यातली तरुणी माइकसमोर आली. आवाज तोच, खणखणीत.

"मला," ती म्हणाली, "बाईंनी आवाज दिला."

आणि ती थांबली. हनुवटी किंचित वर गेली. डोळे सभागृहाच्या छताकडे, उजव्या कोपऱ्यात.

लोकांना वाटलं तिला गहिवरून आलंय. माझ्या शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या सभागृहानं त्या उचलून धरल्या. व्यासपीठावर बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. गर्दीतून त्या मला शोधत होत्या, आणि मी सापडलो तेव्हा त्यांनी नजर काढून घेतली नाही.

मी मनातल्या मनात नोंदी मोजायला लागलो. बारा झाले तेव्हा आफरीननं पुढचं वाक्य सुरू केलं.